घर मी बघीन

मंजुषानं सत्यमचा उजवा हात धरून नाकाशी नेला, हुंगला आणि सोडून दिला.

"येतोय अजून."

"दोनदा साबण लावला ताई."

"साबणाचाच येतोय. साबणाचा, फिनेलचा आणि त्या मलमाचा. दवाखान्यातून उठून आल्यासारखा."

तिनं पर्समधून शहागंजातल्या अत्तराची बारकी बाटली काढली. त्याच्या मनगटांवर, कॉलरच्या आत, कानामागं बोट फिरवलं. मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, तिच्या स्कूटीशेजारी तो मान वाकवून उभा राहिला. तेहतीस वर्षांचा माणूस. आजूबाजूला त्याच्यासारखेच कितीतरी. कोणाची आई भांग नीट करत होती, कोणाचा मामा बुटावरची धूळ रुमालानं झटकत होता. पूर्वी मुलींना असं नटवून आणत, उलटून पालटून बघत. आता पोरांना आणतात. कोणाला वाटत असेल की हा न्याय झाला, तर त्यानं एखाद्या रविवारी सकाळी बीड बायपासच्या कार्यालयात वधू-वर मेळाव्याला येऊन या पोरांची तोंडं बघावीत.

"काय बोलायचं लक्षात आहे ना?"

"आहे."

"म्हण बरं."

"सत्यम साहेबराव. मूळ गाव पाचोड. आयटीआय, फिटर. वाळूजला कंपनीत सुपरवायझर." तो थांबला. "होतो."

"होतो म्हणायचं नाही. सुपरवायझर म्हणायचं आणि लगेच पुढचं वाक्य घ्यायचं. मध्ये कोणी विचारत नाही."

"आणि अण्णा?"

"घरी वडील असतात, तब्येत जरा नरम असते, कामाला बाई आहे."

"बाई कुठं आहे?"

"ठेवू की. एकदा जमू दे, मग ठेवू."

बाया ठेवून झाल्या होत्या. अण्णांच्या, म्हणजे साहेबरावांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा पहिले चार महिने बायाच येत होत्या. एक पगार वाढवून मागत गेली, एक न सांगता गेली, तिसरीनं म्हाताऱ्याला ओल्या चादरीवर दुपारभर ठेवलं. पाठीला जखम झाली. त्या संध्याकाळी मुकुंदवाडीच्या घरात भाऊ-बहीण समोरासमोर बसले होते. मंजुषानं आपल्या अडचणी सांगितल्या. औरंगपुऱ्यातलं कॉलेज, सासर, धाकट्याची शाळा. सगळ्या खऱ्या होत्या. सत्यमनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत राजीनामा देऊन आला. नोकरी गेली, असंच शेजारीपाजारी सांगायचं मंजुषानं ठरवलं. सोडली म्हणण्यापेक्षा गेली म्हणणं बरं. गेली म्हटलं की लोक कंपनीला शिव्या देतात. सोडली म्हटलं की पोराकडं बघतात.

"ताई, एक विचारू?" सत्यम स्कूटीच्या आरशाकडं बघत म्हणाला. "म्हणजे येणारीनं अण्णांचं करायचं, असंच ना?"

"संसारात सगळेच सगळं करतात."

"तिला ते आधी सांगायचं नाही."

"सत्या, आत चल. माझं भाषण पहिलं आहे."

तिनं त्याची कॉलर पुन्हा एकदा ओढली. ती नीटच होती.

आत पंखे गरगरत होते आणि माईक कुंई करत होता. डावीकडं मुलींच्या खुर्च्या, उजवीकडं मुलांच्या. डावीकडं माणसं सैल बसली होती, पर्स ठेवायलाही वेगळी खुर्ची मिळत होती. उजवीकडं पोरं दाटीवाटीनं, मागं भिंतीला टेकून, दारात, जिन्यावर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच लोकांनी बायकांना गुपचूप तपासणीला नेलं, पोटातल्या पोरी पोटातच संपवल्या आणि घरी येऊन पेढे वाटले. ते पेढे आता उजव्या बाजूला बसले होते. पण मेळाव्यात हे बोलायची रीत नाही. मेळाव्यात म्हणतात, मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात.

सूत्रसंचालनाला सर्जेराव सर होते, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी "स्त्रीवादी विचारवंत, समाजशास्त्राच्या प्राध्यापिका" अशी मंजुषाची ओळख करून दिली आणि स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

मंजुषा चांगलं बोलायची. कागद लागत नसे. कांदेपोह्यांची ताटली हातात देऊन पोरीला चालून दाखवायला लावणाऱ्यांची तिनं सालटी काढली. पोरीचा रंग, पोरीची उंची, पोरीचे पूर्वीचे फोटो उकरणाऱ्यांना तिनं नावं न घेता उभं-आडवं धुतलं. शेवटी आवाज खाली आणून ती म्हणाली, "मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारायचं आता बंद करा. विचारायचंच असेल तर मुलाला विचारा."

डावीकडून जोरात टाळ्या आल्या. उजवीकडच्या आयांनी हात नुसते जुळवले. मंजुषा पुढच्या रांगेतल्या सोफ्यावर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा घामानं चमकत होता. हे सगळं तिला मनापासून वाटत होतं, ही गोष्ट इथं सांगून ठेवली पाहिजे. ती ढोंगी नव्हती. बापाशी भांडून ती शिकली होती. पाचोडहून एसटीनं ये-जा करताना सीटखालून फिरणारे हात तिनं सेफ्टी पिनेनं टोचले होते. तिला जे मिळालं ते कोणी दिलं नव्हतं. म्हणूनच ती इतकं स्वच्छ बोलू शकत होती.

मग पोरांचे परिचय सुरू झाले.

एकेक जण चढे, माईक तोंडाला लावी आणि स्वतःचा भाव सांगून उतरे. उंची, पगार, फ्लॅट, शेत किती, त्यातलं बागायती किती. शेती सगळ्यांनाच पाहिजे होती, शेती करणारा कोणालाच नको होता. त्यामुळं पोरं शेतीचा आकडा मोठ्यानं सांगत आणि "वडील बघतात" एवढं हळू जोडत. एकानं पुण्यात असल्याचं सांगितलं तशी डावीकडच्या बायकांनी पुस्तिकेत खुणा केल्या. गावात दूध डेअरी चालवणारा एक जण बोलला तेव्हा कोणी मानही वर केली नाही. तो उतरताना पायरी चुकला.

मंजुषा हे सगळं बघत होती. ही मुलींच्या आयांची हाव आहे, असं तिच्या मनात आलं. मुलींना शिकवतो, पण विकत घेतल्यासारखा नवरा बघतो. यावर एक लेख होईल, असंही आलं.

सत्यमचं नाव पुकारलं गेलं.

तो सावकाश चढला. माईक धरायच्या आधी त्यानं हात पँटला पुसले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. आयटीआय सांगितलं. मग तो थांबला आणि समोरच्या सोफ्यावर बसलेल्या बहिणीकडं त्यानं बघितलं. मंजुषानं डोळ्यांनीच पुढं ढकललं. चल, घे पुढचं वाक्य.

"वाळूजला सुपरवायझर होतो," तो म्हणाला. "आता नाही. वडिलांना अर्धांगवायू झालाय. त्यांचं सगळं मी करतो. मी आधी बोलणार नव्हतो हे. पण आत्ता मॅडम म्हणाल्या, स्वयंपाक येतो का ते मुलाला विचारा. तर मला येतो. भाकरी येते थापता." त्याचा आवाज माईकमधून जरा घोगरा येत होता, पण तो घाबरलेला नव्हता. "अपेक्षा एकच. येणारीनं नोकरी करावी. घर मी बघीन."

क्षणभर नुसता पंख्यांचा आवाज होता.

मग सर्जेराव सरांनी दुसरा माईक उचलला. माणूस वाईट नव्हता. शांतता झाली की ती विनोदानं भरायची, एवढीच त्यांची सवय.

"पाहुणे, जरा दमानं. आपला मुलांचा राउंड चाललाय का मुलींचा? मुलगी असशील तर सांग बाबा, आपल्याकडं स्थळं लई आहेत."

सभागृह फुटलं. उजवीकडची पोरं खुर्च्यांवर हात मारून हसली. त्यांना किती बरं वाटलं असेल. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्याहून खाली कोणीतरी सापडलं होतं. मागून कोणीतरी "साडी घाला त्याला" म्हणालं. आया तोंडाला पदर लावून हसल्या.

आणि मंजुषा हसली.

तिला हसायचं नव्हतं. पण तोंड आधीच उघडलं होतं, दात दिसले होते, खांदे हलले होते. तिनं हात तोंडावर नेला तोवर सत्यमनं ते बघितलं होतं. तो वर उभा होता, तिथून पहिली रांग स्वच्छ दिसते. त्यानं माईक जागेवर ठेवला, सर्जेराव सरांना नमस्कार केला आणि खाली आला. कुठल्याही पायरीवर तो चुकला नाही.

जेवणाची पंगत नव्हती, उभ्यानं होतं. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. सत्यम ताट घेऊन लांब मांडवाच्या कडेला जाऊन उभा राहिला. मंजुषा त्याच्याकडं जाणार होती. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. रागावायचं, की पाठीवर हात ठेवायचा. राग येत होता हे खरं. सगळं पढवून आणलेलं, आणि यानं चारशे माणसांत आपली आणि बापाची लाज मांडून ठेवली. लाज कसली, हा प्रश्न तिनं वर्गात कितीतरी पोरींना विचारला होता. आत्ता तो तिला कोणी विचारत नव्हतं.

"मॅडम."

मागं एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणायची ती रीत म्हणून, तिशी कधीच उलटलेली असावी. निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, सोबत कोणी नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर मोनिका असं नाव होतं. ती एका खासगी दवाखान्यात नर्स असल्याचं तिनं सांगितलं. भाषण फार आवडलं, म्हणून बोलायची हिंमत केली, असंही म्हणाली.

मंजुषानं थँक्यू म्हटलं.

"मघाशी ते बोलले ना, शेवटी. ते तुमचे कोण?"

"भाऊ."

"ते वडिलांचं खरंच स्वतः करतात?" मोनिकाच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू होतं. "म्हणजे, सगळं?"

त्या 'सगळं'वर मंजुषाचे कान तापले. आत्ताच सगळं सभागृह हसलं होतं. आता ही ताटापाशी येऊन हसत होती. नर्स आहे, म्हणजे सगळं या शब्दात काय काय येतं ते हिला नीट माहीत असणार. तिच्या डोळ्यांपुढं आपला भाऊ आला, म्हाताऱ्याचं भांडं हातात घेऊन मोरीकडं निघालेला.

"छे हो," ती म्हणाली. "बाई आहे कामाला. तो माईक बघून गडबडला. काहीही बोलतो."

"आणि नोकरी?"

"आहे की. सुपरवायझर. पर्मनंट."

मोनिकानं मान हलवली. ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू हळूहळू उतरलं, आणि उतरताना मंजुषाला ते पहिल्यांदा नीट दिसलं. ते टिंगलीचं नव्हतं.

"असं व्हय. मला वाटलं, खरंच."

"का? काय झालं?"

"काय नाय मॅडम. माझी ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. आईला दिसत नाही. मी तिला घेऊनच लग्न करणार, आणि घरी कोणीतरी मायेनं बघणारं पाहिजे." ती ताटातली बुंदी चमच्यानं एका बाजूला करत होती. "कंपनीवाले लई बघितले. पहिलं हेच विचारतात, आईला ठेवणार कुठं. ते वर बोलले ना, घर मी बघीन, असं कोणी म्हणालेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. जाऊ द्या. तुम्ही भाषण मात्र छान केलं."

ती गेली. हात धुवायच्या नळाकडं, मग चपलांकडं. घाईत नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मंजुषानं हाक मारली नाही. आधी वाटलं, आपण खोटं बोललो असं एका अनोळखी बाईला कसं सांगायचं, तेही भाषण ठोकून झाल्यावर. पण ते खरं कारण नव्हतं, आणि तिला ते कळत होतं. लॉकडाऊनमध्ये तिचा नवरा प्रणय नोकरी जाऊन घरी बसला होता. रोज दोन्ही वेळचं जेवण तोच करायचा, तिच्या लेक्चरच्या वेळी पोराला सांभाळायचा. शेजारणीला ती सांगायची, त्यांचं वर्क फ्रॉम होम चालू आहे. एका दुपारी प्रणयनं आयता चहा आणून टेबलावर ठेवला तेव्हा तिला त्याची किळस आली होती. एप्रन बांधलेल्या नवऱ्याची. चहा चांगला होता. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही, लिहिलं तर नाहीच. त्याला दुसरी नोकरी लागली त्या दिवशी ती पुन्हा त्याच्या जवळ झोपली.

मोनिका गेटबाहेर रिक्षात बसली. नंबर मिळाला असता. छापील पुस्तिकेत सगळ्या मुलींची माहिती होती, आणि पुस्तिका मंजुषाच्या पर्समध्येच होती. म्हणजे दार लागलं नव्हतं. नुसतं ढकलायचं होतं. पण ढकलून काय सांगायचं? माझा भाऊ घरीच असतो, घरीच राहील, तुमची आंधळी आई आणि आमचा लुळा बाप दोघांचं करील, तुम्ही कमवा? हे वाक्य तिनं मनात पूर्ण केलं, आणि नातेवाइकांचे चेहरे एकेक करून समोर आले. प्राध्यापक बाईंचा भाऊ. बायकोच्या जिवावर बसलेला.

तिनं पर्सची चेन ओढून घेतली.

परत जाताना स्कूटी तिनं चालवली. सत्यम मागं बसला, मांडीवर बुंदीचा डबा घेऊन. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं दोघांकडं बघून "भाभी चलाती, भाई बैठता" म्हटलं आणि दात काढले. एरवी मंजुषानं त्याला तिथंच झोडपलं असतं. आज तिनं फक्त आरशात बघितलं. सत्यम दुसरीकडं बघत होता.

घरी शेजारच्या आशाबाई साहेबरावांपाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, जमलं का कुठं. मंजुषा म्हणाली, बघू, जालन्यालाही मेळावा आहे पुढच्या महिन्यात. आशाबाईंनी सुस्कारा सोडला. सोन्यासारखं पोरगं, पण घरात बसणाऱ्याला कोण देतंय माय, असं म्हणून त्या बुंदीची वाटी घेऊन गेल्या.

सत्यमनं शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर आला. मोरीत जाऊन हात कोपरापर्यंत घासायला लागला. आतून साहेबरावांचा आवाज आला. शब्द म्हणावा असं त्यात काही नव्हतं, नुसती जाड घरघर. मंजुषाला कळलं नाही.

"अण्णा विचारतायत," सत्यम मोरीतून म्हणाला, "कोणी विचारलं का म्हणून."

मंजुषा दाराच्या चौकटीत उभी होती. पर्स खांद्यावरच होती. म्हातारा उशीवरून तिच्याकडं बघत होता, एक डोळा नीट, एक अर्धा मिटलेला.

"सांग, एकीनं विचारलं."

पाण्याचा आवाज थांबला.

"ती निळ्या ड्रेसवाली? बघितलं मी. बराच वेळ बोलत होती तुझ्याशी."

"हो."

"काय विचारत होती?"

"दुसरं काय विचारणार. पॅकेज."

सत्यम टॉवेलनं हात पुसत बाहेर आला. मग बापाच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, ऐकलं का अण्णा, पॅकेज विचारलं म्हणे तुमच्या लेकाला. साहेबरावांचं अर्धं तोंड हसलं. सत्यमनं एक हात त्यांच्या मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि त्यांना कुशीवर घेतलं. पाठ उघडी केली. जखम आता सुकत आली होती, कडेनं गुलाबी कातडी धरली होती.

"मी धरू का?" मंजुषा म्हणाली.

"राहू दे. तुझी साडी खराब होईल." मलमाच्या डबीचं झाकण फिरवत तो पुढं म्हणाला, "तिचं पण बरोबर आहे ताई. तुझ्यासाठी बघत होतो तेव्हा आम्हीपण कमावताच बघितला होता. माझी पोरगी असती तर मी तरी घरी बसणाऱ्याला दिली असती का?"

जखमेभोवती त्याचं बोट हलकं फिरत राहिलं, जशी एखादी बाई तान्ह्याला पावडर लावते तसं. मग काहीतरी आठवल्यासारखा तो थांबला आणि दुसरा हात त्यानं बहिणीकडं लांब केला.

"अण्णांना अत्तरानं शिंका येतात. बघ गं, गेला का वास?"

मंजुषा पुढं आली. हात धरून तिनं नाकाशी नेला. साबण, फिनेल, मलम, आणि त्याच्या तळाशी अजून, अगदी पुसट, अत्तर.

"गेला," ती म्हणाली.